जाताना नक्की कोण गेलं?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत एक प्रश्न असतो: वाक्याच्या कुठल्या भागात चूक आहे ते सांगा, आणि चूक नसेल तर 'नो एरर' निवडा. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांचा या 'नो एरर'वर फार जीव आहे. वाक्य वाचायचं, कानाला बरं वाटलं की 'नो एरर'वर क्लिक करून पुढच्या प्रश्नावर. उत्तर चुकलं म्हणून विचारलं तर म्हणणं ठरलेलं, "मॅडम, ह्याच्यात चुकायसारखं हायेच काय?"

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी अहमदपुरातल्या एका अभ्यासिकेत बसते. तलाठी, बँक, एसएससी, एमपीएससी, जो ज्याच्या मागे लागलाय तो त्याचे प्रश्न घेऊन येतो. आर्टिकल, प्रिपोझिशन यांतही पोरं चुकतात, पण तिथं त्यांना निदान शंका तरी येते. मॉडिफायर (वाक्यातल्या दुसऱ्या कुणाबद्दल तरी जादा माहिती सांगणारा तुकडा) आणि टेन्सच्या प्रश्नात शंकाच येत नाही. माझ्या मते याचं कारण 'इंग्रजी कच्चं आहे' हे नाही. ती वाक्यं मराठीत बरोबर असतात, आणि पोरं ती मराठीत वाचतात.

(इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीतच लिहितेय. मोठ्यानं वाचून बघा, चूक डोळ्यापेक्षा कानाला लवकर सापडते.)

चाकूरच्या एका पोरीपुढे मी हे वाक्य ठेवलं: "वॉकिंग टू द बस स्टँड, द रेन स्टार्टेड." तिनं लगेच म्हटलं, नो एरर. बरोबरच आहे की तिचं. बसस्टँडकडे जाताना पाऊस सुरू झाला, यात कुणाला काय खटकणार? आपलं 'जाताना' मोकळं असतं. जाणारा एक आणि सुरू होणारा दुसरा असला तरी चालतं, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीतलं 'वॉकिंग' असं मोकळं सुटत नाही. स्वल्पविरामानंतर जो कर्ता पहिला दिसेल त्याच्या गळ्यात ते पडतं. म्हणजे या वाक्यात पाऊसच पायी पायी बसस्टँडला निघालाय. दुरुस्ती करायची तर चालणाऱ्याला वाक्यात आणावं लागतं: "व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द बस स्टँड, द रेन स्टार्टेड."

तेव्हापासून मी सांगते, असली वाक्यं 'ताना' किंवा 'ल्यावर' लावून मराठीत आणू नका, 'ऊन' लावा. 'ऊन' कडक आहे, त्याला दोन्हीकडे करणारा एकच लागतो. "जेवून पाऊस आला" म्हटलं की अख्खी अभ्यासिका हसते. आता हे बघा: "हॅविंग रीच्ड द सेंटर, द गेट वॉज क्लोज्ड." सेंटरवर पोचल्यावर गेट बंद होतं, असं केलंत तर चूक निसटली. सेंटरवर पोचून गेट बंद होतं, असं केलंत की लगेच टोचतं. पोचलं कोण, गेट? बरोबर वाक्य होईल "हॅविंग रीच्ड द सेंटर, वी फाउंड द गेट क्लोज्ड."

'बीइंग'ला मात्र हा उपाय पुरत नाही, आणि परीक्षेत ते हमखास असतं. "बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम." पावसाचा दिवस असल्यानं आम्ही घरी थांबलो, मराठीत एकदम स्वच्छ. इंग्रजीत 'बीइंग' जाऊन 'वी'ला चिकटतं आणि पावसाळी दिवस आम्हीच होऊन बसतो. म्हणून पुढं 'इट' लागतो: "इट बीइंग अ रेनी डे." याउलट 'कन्सिडरिंग', 'जनरली स्पीकिंग', 'जजिंग बाय' यांना कर्त्याशी देणंघेणं नसतं, ती रूढ झालेली आहेत. तिथं चूक शोधत बसू नका.

मॉडिफायरच्या चुकांची दुसरी जात अंतराची, म्हणजे तुकडा ज्याचा आहे त्याच्यापासून लांब पडतो. "ही सोल्ड द बुल टू अ फार्मर विथ अ ब्रोकन हॉर्न." हे वाक्य मी हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारावरून केलं, आणि आमच्याकडे ते समजावून सांगावं लागत नाही. "मॅडम, शेतकऱ्यालाच शिंग फुटलं की!" मराठीत हा घोळ सहसा होत नाही, कारण 'शिंग मोडलेला' हे बैलाच्या अंगाला लागूनच येतं. गाय असती तर 'मोडलेली' झालं असतं, वासरू असतं तर 'मोडलेलं'. लिंग आणि वचनच सांगतं की हे कुणाचं आहे. इंग्रजीत 'विथ अ ब्रोकन हॉर्न' गाईला तेच, बैलाला तेच आणि शेतकऱ्यालाही तेच. ओळखायला फक्त जागा उरते, म्हणून जागा चुकली की मालक बदलतो. 'विथ', 'हू', 'विच' दिसलं की त्याच्या डाव्या हाताचा शब्द बघायचा. ते त्याचंच आहे का? नसेल तर चूक तिथंच.

'ओन्ली'ला मी 'च' लावून बघायला सांगते. मीच दोन भाकरी खाल्ल्या, मी दोनच भाकरी खाल्ल्या, मी दोन भाकरीच खाल्ल्या. 'च' कुठं बसवायचा हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. इंग्रजी बोलताना लोक सर्रास "आय ओन्ली एट टू" म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही, पण प्रश्नपत्रिका काढणारे जुन्या वळणाचे असतात. त्यांना "आय एट ओन्ली टू" हवं असतं. त्यांना तेच द्यावं.

आता टेन्स. इथं मराठी आपल्याला जास्त गोत्यात आणते, कारण इथं हसू येत नाही.

"मी काल फॉर्म भरलाय." यात काय चुकलं? काहीच नाही. म्हणून "आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे" हेही पोरांना बरोबर वाटतं. इंग्रजीत मात्र 'काल' आलं की 'हॅव' गेलं. काम झाल्याची वेळ सांगितली की साधा भूतकाळ, मग ती वेळ काल असो, 'टू डेज अगो' असो नाहीतर एखादी तारीख. "मराठवाडा हॅज बिकम फ्री ऑन 17 सप्टेंबर 1948" हे मी मुद्दाम देते, कारण ती तारीख आमच्याकडे कुणाला पाठ करावी लागत नाही. तारीख ओळखीची असली की नजर तिच्यावर थांबते, आणि मग 'हॅज' खटकतं. 'बिकेम' पाहिजे.

याच्या उलट बाजूचं 'होतो'. "काल मी नांदेडला गेलो होतो." आपण रोज असंच बोलतो, त्यात आधी-नंतर काही नसतं. नुसतं गेलो म्हणायच्या जागी गेलो होतो म्हणतो, संपलं. त्यातून येतं "आय हॅड गॉन टू नांदेड यस्टरडे." इंग्रजीतलं 'हॅड' एकटं राहत नाही, त्याला दुसरी घटना लागते आणि ती त्याच्यानंतरची लागते. इथं मी पाणी एक्स्प्रेस वापरते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वॅगनींत 5 लाख लिटर. आज अभ्यासिकेत बसणारी पोरं तेव्हा शाळेत होती आणि घागर घेऊन रांगेतही होती. वाक्य असं: "बाय द टाइम द वॉटर ट्रेन रीच्ड लातूर, द डॅम रॅन ड्राय." आधी काय झालं? धरण आटलं. मग गाडी आली. आधीचं ते 'हॅड'चं: "द डॅम हॅड रन ड्राय." आणि हो, 'हॅड रॅन' नव्हे, 'हॅड रन'. पर्यायांत दोन्ही ठेवलेले असतात. टेन्स ओळखून तिसऱ्या रूपात घसरणारे मी बरेच बघते.

"तो येईल तेव्हा सांगेन" यात दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' असल्या वेळेच्या आणि अटीच्या तुकड्यात 'विल' बसत नाही: "व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम." 'सिन्स' आणि 'फॉर'चं सगळ्यांना माहीत असतं, तरी "आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स थ्री इयर्स" सुटतंच. त्यात चुका दोन आहेत आणि पोरं एक सापडली की थांबतात. "आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर थ्री इयर्स" एवढं लक्षात ठेवा.

आमच्या भागाची म्हणून एक खास अडचण आहे. आम्ही 'करतोय' म्हणत नाही, 'करायलोय' म्हणतो. जेवायलोय, जायलोय, बघायलोय, आणि "मॅडम, मला कळायलंय" हेसुद्धा. कळणं, आवडणं, असणं, सगळंच चालू. मग "आय ॲम अंडरस्टँडिंग" आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" का खटकावं? इंग्रजीत 'नो', 'बिलॉन्ग', 'ओन' असली क्रियापदं साधारणपणे 'आयएनजी' घेत नाहीत. 'हॅव' घेतं, पण अर्थ बदलून. "हॅविंग लंच" चालतं, "हॅविंग टू ब्रदर्स" नाही. भाऊ काही संपत येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, परीक्षेत एवढं मराठी करत बसायला वेळ कुठाय? नाहीच. एसएससी सीजीएल म्हणजे केंद्राच्या पदवीधर भरतीची परीक्षा, तिच्या टियर 1 ला (पहिल्या टप्प्याला) 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यात इंग्रजीचे 25, आणि चुकलं की अर्धा मार्क कापला जातो. ही कसरत सरावाची आहे. हॉलमध्ये दोनच फेऱ्या. पहिल्या फेरीत क्रियापद आणि वेळेचा शब्द यांची जोडी जमते का ते. दुसऱ्या फेरीत वाक्याच्या सुरुवातीला 'आयएनजी' असेल तर स्वल्पविरामानंतरचा पहिला माणूस कोण ते. एवढं बघून नाही सापडलं तर बाकीचं: एकवचन, अनेकवचन, प्रिपोझिशन. 'शंभर नियम' नावाच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरत असतात. पाठ करणारी पोरं मी बघते, आणि वाक्य समोर आलं की नियम क्रमांक 43 आठवत बसलेलीही बघते.

नियम पाठ असला की आणखी एक होतं, नसलेली चूक दिसायला लागते. निलंग्याकडचा एक पोरगा आन्सर कीवर, म्हणजे परीक्षेनंतर जाहीर होणाऱ्या उत्तरांच्या यादीवर, आक्षेप नोंदवायला निघाला होता. प्रत्येक प्रश्नामागं फी भरावी लागते, तरी तयार. वाक्य होतं, "आफ्टर द रेन स्टॉप्ड, वन ऑफ द बॉय रॅन टू द फील्ड." त्याचं म्हणणं, दोन घटना आहेत, आधीची पाऊस थांबण्याची, म्हणून 'हॅड स्टॉप्ड' पाहिजे आणि चूक पहिल्या भागात आहे. कीमध्ये दुसरा भाग होता. मी म्हटलं, 'आफ्टर'नंच आधी-नंतर सांगून टाकलंय, तिथं साधा भूतकाळ चालतो. दुसरा भाग वाच. "वन ऑफ द बॉय." बरेच मुलगे असल्याशिवाय त्यातला एक कसा निवडणार? 'बॉइज' पाहिजे. त्यानं तो भाग वाचलाच नव्हता, 'आफ्टर' दिसल्यावर थांबला होता.

फी वाचली, पण त्याचं समाधान झालं नाही. "पण मॅडम, हॅड लावलं असतं तर बिघडलं असतं काय?"

काहीच नाही. लावलं तरी बरोबर, नाही लावलं तरी बरोबर, म्हणून तर ते उत्तर नव्हतं.