कोच चांगला, पण कोणत्या वयाचा?

आमच्या मुलांच्या आइस हॉकी असोसिएशनच्या कोच निवड समितीत मला घेतलं, कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. आम्ही कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसॉगात राहतो. मुलगा यू13 मध्ये, म्हणजे तेराच्या आतल्या गटात खेळतो, त्यामुळे यू11 च्या कोचबद्दल मत द्यायला मी मोकळा होतो. स्वतःच्या पोराच्या टीमचा कोच निवडायची इथे मुभा नसते. स्केटिंगचा मला गंध नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं.

प्रश्न यू11 च्या एकाच कोचचा होता. गेल्या सीझनला त्याच्या टीमने भरपूर सामने जिंकले होते आणि त्याला पुन्हा तीच टीम हवी होती. काही पालक खूश होते, तर काहींनी लेखी तक्रार केली होती.

कागदपत्रं लवकर उरकली. पोलीस तपासणी, कोचिंगचं प्रमाणपत्र, खेळातला छळ आणि अत्याचार रोखण्यासाठीचा 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट'चा कोर्स, सगळं जागच्या जागी. हा कोर्स उभा करण्यात माजी हॉकीपटू शेल्डन केनेडीचा मोठा वाटा आहे. त्याचा ज्युनियरमधला कोच ग्रॅहम जेम्स. 1989 साली टीमला मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीतला सर्वात मोठा करंडक जिंकून देणारा हा माणूस 1997 साली केनेडीसह खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात साडेतीन वर्षांसाठी तुरुंगात गेला. तेव्हापासून नुसत्या करंडकांवर कुणाला पास करायचं नाही, एवढं तरी इथे सगळ्यांना कळतं. म्हणून जुन्या टीमच्या पालकांना आम्ही स्वतः फोन लावले, त्याने दिलेल्या नावांवर थांबलो नाही.

मुलाखतीत आमचा उमेदवार छान बोलला. मी विचारलं, "स्कोअर बरोबरीत आहे, पोराचं डोकं बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर आपटलं आणि तो म्हणतोय मी ठीक आहे. काय करशील?" तो लगेच म्हणाला, "बाहेर. त्या दिवशी परत नाही." ऑन्टारियोत 2018 पासून खेळातल्या डोक्याच्या दुखापतींसाठी रोवन्स लॉ हा कायदा आहे, त्यामुळे उत्तर पाठ असणारच. पण त्याने पुढे ट्रेनर, आईवडील, डॉक्टर असा सगळा क्रम सांगितला, तेव्हा माझं समाधान झालं.

तरी मुलाखतीत माणूस अर्धाच कळतो. सीझनचे शेवटचे सामने उरले होते, म्हणून मी स्टँडमध्ये त्याच्या बेंचच्या बरोबर समोर जाऊन बसलो आणि मोबाईलवर शिफ्ट, म्हणजे प्रत्येक पोराची बर्फावरची पाळी, मोजू लागलो. साधारण चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी पोरं बदलायला हवीत. पहिल्या पिरियडला सगळं सुरळीत होतं. तिसऱ्यात एका डिफेन्सच्या पोराकडून पक (खेळातली रबरी चकती) सुटला, गोल झाला. पोरगा बेंचवर आला. कोच ओरडला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर त्या पोराला शिफ्टच मिळाली नाही. प्रत्येक बदलाला तो उठायचा, दरवाजाकडे सरकायचा, पुढून दुसरं कुणीतरी उडी मारून जायचं आणि हा परत बसून पाण्याच्या बाटलीचं तोंड चावायचा. नऊ-दहा वर्षांचं पोर!

आणि हाच माणूस सरावाला बघावा. बर्फावर चार ठिकाणी चार वेगळे खेळ लावलेले, एकही पोर रांगेत ताटकळत नाही. एकाचा स्टिकवरचा खालचा हात चुकत होता, तर गुडघ्यावर बसून त्याने पकड नीट करून दिली. असं शिकवणारा कोच सहजासहजी मिळत नाही, म्हणून सरसकट नकार द्यायला माझा विरोध होता.

बैठकीत एकजण म्हणाला, "जिंकतोय ना, मग अडचण काय?" मी म्हटलं, "यू11 ला जिंकणं हे कामच नाही. पोरं पुढच्या वर्षी परत यायला हवीत." बेंच आखडता घेणं, म्हणजे मोजक्याच पोरांना खेळवणं, मोठ्या वयात पोरांना समजतं, तेव्हा तेही हिशोब करतात. शिवाय 2013 पासून यू13 पर्यंत बॉडी चेकिंगला, म्हणजे अंगाने धडक देण्याला, देशभर बंदी आहे. यू15 ला धडक कशी द्यायची आणि कशी झेलायची हे कुणीतरी नीट शिकवावं लागतं, आणि त्याचं शिकवणं तिथेच कामी आलं असतं.

बरीच खडाजंगी होऊन मत तसंच पडलं: यू11 नाही, यू15 देऊ. त्याला सांगायला अध्यक्षांबरोबर मीही गेलो. तो चिडला आणि तक्रार कुणी केली ते विचारू लागला. आम्ही नावं सांगितली नाहीत, शिफ्टचे आकडे पुढे ठेवले. बराच वेळ त्याने ते बघितले. दोन दिवसांनी यू15 साठी त्याचा होकार आला. यू11 साठी मात्र पुन्हा अर्ज मागवावे लागले, आणि ट्रायआउट, म्हणजे पोरांच्या निवड चाचण्या, तर तोंडावर आलेल्या.