बंद केलेला रस्ता बंद होईना

३० ऑगस्ट २०२०, रविवार. गणपतीचा नववा दिवस. मार्चपासून ऑफिस घरीच होतं, आणि हॉलमधली एकुलती एक बरी जागा मखरानं घेतल्यामुळे मी आतल्या खोलीत आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडला होता. आदल्या दिवशीची एकादशी सोडायला आईनं पुरण घातलं होतं. रामबागेतल्या आमच्या घरात पुरणपोळी झाली की दुपारी तीननंतर कुणी कुणाशी बोलत नाही. मीही पेंगतच होतो.

पावणेचारला धाकट्या सहकाऱ्याचा फोन आला. ‘दादा, शिकागो गेलं. म्हणजे अर्धं गेलं.’

हे ‘अर्धं’ फार वाईट. पूर्ण गेलं असतं तर वीज, केबल, रूटर, काहीतरी हाताला लागलं असतं. आमची कंपनी छोटी. इंदूरला वीसेक माणसं, शिकागोच्या डेटा सेंटरमध्ये दीड रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायचं दीड कपाट, आणि त्यावर विजयनगर भागातल्या गिऱ्हाइकांची कामं. त्यातलं एक कॉल सेंटर अमेरिकेत रस्त्यात गाडी बंद पडलेल्यांचे फोन घेतं. त्यांची पाळी आमच्या संध्याकाळी सातला सुरू होते, रविवारीसुद्धा. म्हणजे हातात सव्वातीन तास.

माझ्या घरून सर्व्हर दिसत नव्हता, सहकाऱ्याच्या घरून दिसत होता. तो सुदामानगरला राहतो, त्याचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं. ट्रेसरूट, म्हणजे वाहतूक कुठल्या रस्त्यानं जाते ते दाखवणारी आज्ञा, लावला तर माझी पाकिटं मुंबईहून बाहेर पडून अटलांटिक ओलांडून जात होती आणि अमेरिकेतल्या एका बड्या वाहक कंपनीच्या जाळ्यात शिरल्यावर गडप होत होती. शिकागोहून आमचे बाहेर जायचे रस्ते दोन, त्यातला थोरला हाच.

म्हटलं, सोपं आहे. याच दिवसासाठी तर दोन रस्त्यांचे पैसे भरतो. त्या कंपनीशी असलेलं बीजीपी सेशन बंद केलं. बीजीपी म्हणजे रूटरांची आपापसातली दवंडी: ‘अमुक पत्ते माझ्याकडून मिळतील.’ आपण सेशन तोडलं की पलीकडच्यानं आपल्या नावाची दवंडी थांबवायची आणि दोन-तीन मिनिटांत सगळी वाहतूक दुसऱ्या रस्त्यानं वळायची. डझनभर वेळा केलंय हे, रात्रीच्या देखभालीत, चहा पीत.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ग्राफ हलेना.

बाहेरून काय दिसतं ते पाहायला दुसऱ्यांची लुकिंग ग्लास उघडली, म्हणजे त्यांच्या रूटरला कुठले रस्ते दिसतात ते दाखवणारी वेबपानं. युरोपातला एक रूटर अजूनही सांगत होता की आमच्याकडे यायचा रस्ता त्याच कंपनीतून जातो. मला वाटलं, जुनं पान दिसतंय. पुन्हा उघडलं, तेच. अर्ध्या तासानंही तेच. मी नातं तोडून बसलोय आणि ते गावभर सांगत फिरताहेत की आम्ही त्यांच्याच घरी राहतो! भाडेकरू घर सोडून गेला, पण शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्याला जुनंच दार दाखवतोय, आणि त्या दाराआड जिनाच नाही.

चहा द्यायला आई आत आली. ‘काय करून राहिलास केव्हाचा?’ म्हणाली. मी सांगितलं, आम्ही नाही म्हणून कळवलंय, पण ते ऐकत नाहीत. ‘मग दुसऱ्या कुणाकडून सांगून बघ,’ असं म्हणून ती गेली. तांत्रिकदृष्ट्या करायचं नेमकं हेच होतं, फक्त मला तिथवर पोचायला आणखी वीस मिनिटं लागली.

आमच्याकडे पत्त्यांचा एक सलग गठ्ठा आहे, /२२ मापाचा, म्हणजे १०२४ पत्ते. इंटरनेटचा नियम असा की मोठ्या गठ्ठ्याची आणि त्यातल्याच लहान तुकड्याची, अशा दोन दवंड्या ऐकू आल्या तर रूटर लहान तुकड्याचं ऐकतो. तेव्हा /२२ चे चार /२४ करायचे आणि ते फक्त धाकट्या रस्त्यानं जाहीर करायचे. मग थोरली कंपनी जुन्या /२२ ची दवंडी कितीही पिटेना, लोक तुकड्यांकडेच वळणार. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ जाहीर केला आणि जगभरची यूट्यूबची वाहतूक तिकडे ओढली गेली, ती याच नियमानं. दुसऱ्याचे पत्ते पळवायची युक्ती मी स्वतःचेच पत्ते सोडवायला वापरणार होतो.

आणि इथे माझाच शहाणपणा आडवा आला. गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं पत्त्यांची आरपीकेआय नोंद केली होती, म्हणजे हे पत्ते कुणी, किती मापात जाहीर करायचे याची सही-शिक्क्यानिशी नोंद. त्यात ‘/२२ च, त्याहून लहान नाही’ असं लिहून टाकलं होतं. पुस्तकी दृष्टीनं उत्तम, कारण चोराला तुकडे करता येत नाहीत. पण आज चोराच्या जागी मीच उभा. तसेच तुकडे जाहीर केले असते तर नोंदी तपासणाऱ्या जाळ्यांनी ते खोटे म्हणून फेकले असते. नोंद बदलायची, तर पोर्टलची चावी साहेबांकडे, आणि साहेबांचा फोन लागेना. पाच वाजून गेल्यावर लागला. बहिणीकडे आरतीला गेले होते, मागे झांजा ऐकू येत होत्या. त्यांनी तिथूनच नोंद बदलली. जगभरचे तपासनीस ती उचलेपर्यंत अर्धा तास तरी जाणार होता.

तेवढ्यात धाकट्या रस्त्याच्या कंपनीला फोन लावला, कारण त्यांच्या गाळणीतही, म्हणजे आमच्या कुठल्या दवंड्या स्वीकारायच्या त्या यादीतही, फक्त /२२ च होता. शिकागोत रविवारची सकाळ. चाळीस मिनिटं ते संगीत ऐकलं, माझ्यासारखे शेकड्यांनी रांगेत असणार. शेवटी एका तरुणाचा थकलेला आवाज आला. मी अर्धं वाक्य बोललो असेन, त्यानं विचारलं, ‘तुमचेही तुकडेच ना?’ गाळणी त्यानं फोन चालू असतानाच उघडली.

सहा पन्नासला चारही /२४ सोडले. हात थोडा कापला, खोटं कशाला सांगू. आधी सिंगापूरहून रस्ता वळलेला दिसला, मग लंडनहून, आणि सर्वांत शेवटी माझ्या शिलाई मशीनवरून. ग्राफ वर चढायला लागला. सात पाचला कॉल सेंटरवाल्यांचा मेसेज: ‘चालू.’ पुढे एक अंगठा. बस, एवढंच.

सगळे मात्र परत आले नाहीत. जी गिऱ्हाइकं फक्त त्या थोरल्या कंपनीच्याच आधारावर होती, त्यांना आमच्यापर्यंत येता येईना. त्यांच्यासाठी आमच्या हातात काहीच नव्हतं.

कारण नंतर बाहेर आलं. कॅनडात, मिसिसॉगाच्या एका डेटा सेंटरकडून एक चुकीचा फ्लोस्पेक नियम निघाला होता. फ्लोस्पेक म्हणजे हल्ल्याची वाहतूक गाळायचे नियम बीजीपीवरूनच सगळ्या रूटरांना एकदम पाठवायची सोय. त्या नियमानं बीजीपीचंच बोलणं अडवलं. ज्या फांदीवर बसलो तिच्यावरच कुऱ्हाड. पण खरी गंमत पुढे आहे. बोलणं तुटलं की रूटर त्या शेजाऱ्याकडून शिकलेलं सगळं विसरतो, नियमसुद्धा. नियम गेला की बोलणं पुन्हा सुरू. मग आठ लाखांवर रस्त्यांचा लोंढा पुन्हा ओतायला लागायचा, त्यात तोच नियम यायचा आणि पुन्हा तोंड बंद. हे असं पाच तास. या गडबडीत आमची ‘नाही’ पुढे कोण पोचवणार? शेवटी त्या कंपनीनंच दुसऱ्या बड्या वाहकांना आपल्याशी जोडणी तोडायला सांगितलं. जगभर जाळं असलेल्या क्लाउडफ्लेअर कंपनीनं दिलेल्या आकड्याप्रमाणे जगाची वाहतूक त्या वेळात ३.५ टक्क्यांनी घटली होती. शिलाई मशीनवरून ती पन्नास टक्के वाटली.

हल्ल्याच्या रात्री फ्लोस्पेकनं आम्हालाही वाचवलंय, तेव्हा त्याला शिव्या देणार नाही. पण ज्या तारेवरून रूटर श्वास घेतात त्याच तारेवरून गळा आवळायचे हुकूमही धाडायचे, आणि मध्ये तपासायला कुणी नाही, हे मला आजही पटत नाही.

आमच्याकडे आरती साडेसातची आठला झाली. सगळे माझ्यासाठी थांबले होते, मुलगी तर निरांजन हातात घेऊनच. ‘घालीन लोटांगण’ला मी हेडफोन काढायचा विसरलो, त्यावरून बोलणी खाल्ली. नऊच्या सुमारास थोरल्या रस्त्याची तब्येत सुधारल्याची बातमी आली. सेशन मी लावलं नाही.

ते लावलं मंगळवारी, चतुर्दशीला. त्या वर्षी विसर्जन घरीच, अंगणात मोठं पातेलं ठेवून. सगळे पातेल्याभोवती होते तेव्हा मी आत येऊन हुकूम दिला आणि रस्त्यांचा आकडा चढताना बघत बसलो. आई ओल्या हातांनी दारात आली. ‘आता ऐकतात का ते?’

‘बघतोय,’ म्हटलं. आकडा सहा लाखांवर होता.