सोडियम घटले, की पाणी वाढले?

रक्ततपासणीत सोडियमचा आकडा १३५ मिलीमोल प्रतिलिटरच्या खाली आला, की जेवणात मीठ कमी पडले असावे असे बहुतेकांना वाटते. हा समज मला घातक वाटतो, कारण तो आकडा शरीरातला सोडियमचा एकूण साठा सांगतच नाही; ठरावीक रक्तद्रवात ते किती विरघळलेले आहे, एवढेच सांगतो. हृदय किंवा यकृत दुबळे होऊन अंगावर सूज आलेल्या रुग्णाच्या शरीरात सोडियम उलट जास्तच असते, पण पाणी त्याहूनही अधिक साठल्याने आकडा घसरतो, आणि अशा वेळी दिलेले मीठ सूजच वाढवते.

रक्ताचा दाटपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाण, एक-दोन टक्क्यांनी जरी वाढला, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातील पेशींना तो कळतो. तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात उतरते. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी ॲक्वापोरिन नावाच्या पाणवाहिन्या आपल्या पृष्ठभागावर आणून बसवतात (या वाहिन्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले), त्यांतून पाणी रक्तात परतते आणि लघवी दाट होते. रक्त पातळ झाले की संप्रेरक थांबते व जादा पाणी बाहेर पडते. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला दहा लिटरांहून अधिक पाणी टाकू शकतात, म्हणून नुसते पाणी पिऊन सोडियम घसरणे विरळाच.

बहुतेक वेळा बिघाड असतो तो व्हॅसोप्रेसिन न थांबण्यात. जुलाब-उलट्यांनी रक्ताचे आकारमान घटले, तर शरीर दाटपणाची पर्वा सोडून रक्तदाब सावरू पाहते आणि पाणी धरून ठेवते. न्यूमोनिया, फुप्फुसाचा कर्करोग, मेंदूची इजा, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, नैराश्यावरची काही औषधे यांमुळे व्हॅसोप्रेसिन विनाकारण स्रवत राहते. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्येही ते वाढलेले असते, आणि तहान नसताना घोट घेत राहणे त्यांना महागात पडते. रक्तदाबावरील थायाझाइड गोळ्या हे ज्येष्ठांमधले नेहमीचे कारण, तर मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा अशक्तपणा हे सहज निसटणारे.

सोडियम झपाट्याने घसरले तर पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि त्या फुगतात. कवटीत जागा नसल्याने मळमळ, गोंधळ, मग झटके येतात. दोन दिवसांत मेंदू स्वतःतील विद्राव्य द्रव्ये बाहेर टाकून जुळवून घेतो, आणि म्हणूनच जुनी घसरण घाईने भरून काढली तर त्यालाच इजा होते. २४ तासांत प्रतिलिटर ८ ते १० मिलीमोलपेक्षा जास्त वाढ डॉक्टर होऊ देत नाहीत, ती याच कारणाने.