दोघी एकत्र राहिल्या तर गुन्हा कसला?

न्यूझीलंडमध्ये २००३ पर्यंत दोन सेक्स वर्करनी एकाच फ्लॅटमधून धंदा केला, तर त्यांच्यावर कुंटणखाना चालवल्याचा गुन्हा लागू शकायचा.  म्हणजे सोबतीने काम करण्यातली सुरक्षितताच कायदा हिरावून घेत होता. झडतीत सापडलेले कंडोम पुरावा म्हणून वापरले जायचे, त्यामुळे ते जवळ बाळगायचीही भीती. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधलं म्हणून शिक्षा तिला, पैसे मोजणारा मोकळा.

२५ जून २००३ ला संसदेत मंजूर झालेल्या नव्या कायद्याने हे बदललं, तेही ६० विरुद्ध ५९ मतांनी. विधेयक खासदार टिम बार्नेट यांचं. पण त्यामागे सेक्स वर्करच्या स्वतःच्या संघटनेची, १९८७ पासून कॅथरीन हीली आणि सहकाऱ्यांनी चालवलेल्या कामाची पुण्याई होती. एके काळी हेच काम केलेल्या खासदार जॉर्जिना बेयर सभागृहात स्वतःवरच्या बलात्काराबद्दल बोलल्या. तेव्हा त्यांना पोलिसांकडे जाण्याची सोय नव्हती.

मी इथे न्यूझीलंडमध्ये हिशेबाची कामं करते. ३१ मार्चला करवर्ष संपलं की पावत्यांचे गठ्ठे येतात. त्यात एका बाईंचा गठ्ठा असतो: फ्लॅटचं भाडं, फोन, जाहिराती, चादरींची धुलाई, कंडोमची खोकी. भाड्याच्या पावतीवर अर्धीच रक्कम, कारण उरलेली मैत्रीण भरते. आता चौघींपर्यंत मिळून, ज्याची त्याची कमाई ज्याच्या त्याच्या हाती ठेवून, परवान्याशिवाय असं काम करता येतं. शेजारच्या खोलीत मैत्रीण असते, एवढ्यावर त्या निर्धास्त असतात. मला तर हा कायद्याचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

नकाराचा हक्कही कायद्यात स्पष्ट आहे. पैसे ठरले असले तरी ऐन वेळी ‘नाही’ म्हणता येतं. २०१४ मध्ये वेलिंग्टनच्या एका सेक्स वर्करला व्यवस्थापकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल २५,००० डॉलर भरपाई मिळाली. बळजबरी आजही गुन्हाच आहे, शिक्षा १४ वर्षांपर्यंत. अठराखालच्या मुलीकडे जाणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. ‘मोकळीक दिली की धंदा फोफावेल’ असं म्हणणाऱ्यांसाठी: २००८ च्या सरकारी आढावा समितीला संख्या वाढल्याचं दिसलं नाही.

कायद्यात एक खोट मात्र राहिली, आणि तिचा मला मनापासून राग आहे. कलम १९ मुळे तात्पुरत्या व्हिसावरच्या बाईला हे काम करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला गिऱ्हाईकाने लुबाडलं, तर तक्रार करताना हद्दपारीची टांगती तलवार तिच्याच डोक्यावर. देश तोच, पोलीस तेच. गुन्ह्याचा शिक्का जिथे उरला, तिथेच भीती उरली.

आपल्याकडे भारतात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान बाईने स्वेच्छेने केलेलं हे काम बेकायदा नाही आणि पोलिसांनी तिला सन्मानाने वागवावं. पण १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा तसाच आहे. त्याच्या कलम ४ नुसार तिच्या कमाईवर जगणारी सज्ञान व्यक्ती गुन्हेगार ठरते. मग ती व्यक्ती तिची म्हातारी आई का असेना, किंवा तिने शिकवलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. हे कलम रद्द व्हायला हवं, आणि इथलं, न्यूझीलंडचं, कलम १९ सुद्धा.