रंकाळ्यात नाही सोडायचा ओ मामा

आखाडातला भर पाऊस, वारं असलं की दवाखान्याचं शटर अर्धंच वर ठेवलेलं, आणि पन्हाळ्याकडचे एक मामा बिस्किटाचा खोका घेऊन आत. "डॉक्टर, उसात पडलंतं, बगळ्याचं पिल्लू हाय का बघा की."

बगळा कसला! पाठ तपकिरी-राखाडी, पोट पांढरं, कपाळावरची पांढरी पट्टी थेट डोळ्याच्या मागंपर्यंत गेलेली. ब्रायडल्ड टर्न. रोज म्हशी आणि गॅस्ट्रोची कुत्री बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर खुल्या अरबी समुद्राचा पक्षी, तोही घाटाच्या ह्या बाजूला, मला तर आधी फोटोच काढावा वाटला. पावसाळी वादळात असे पक्षी आत ढकलले जातात हे माहीत होतं, हातात कधी आला नव्हता.

वजन ८५ ग्रॅम, म्हणजे नुसता हाडांचा सापळा. मोडलेलं काही नव्हतं. वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनला १९२६ वर कळवलं, पक्ष्याला अंधाऱ्या खोक्यात ऊब दिली, चोचीत पाणी ओतलं नाही (लोक हमखास ओततात आणि ते फुफ्फुसात जातं). अंग गरम झाल्यावर सलाईन, मग मांदेली. बर्फातल्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं म्हणून ती गोळी माशात कोंबून दिली, गडी गोळीसकट गिळून मोकळा.

मामा म्हणाले, आता रंकाळ्यात सोडूया की, पाणी हाय, झाडं हाईत. हे सगळेच म्हणतात बघा. पण ह्याला झाडं नकोच असतात. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह असलेले खडक, उन्हाळ्यात पार करपलेले, बघणाऱ्याला वाटेल इथं काय जगणार, आणि तिथंच हे टर्न कपारीत, दगडाच्या सावलीत एकच अंडं घालतात. गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी चिकटवतात, ती सूपसाठी चोरीला जायची म्हणून संरक्षण द्यावं लागलं. असल्या बेटाची श्रीमंती म्हणजे तिथं काय नाही ते. मांजर नाही, कुत्रं नाही, माणसाची वर्दळ नाही. एखाद्या होडीतून उंदीर उतरले तर जमिनीवरची अंडी किती दिवस टिकणार? खायला तर सगळा समुद्र आहे, मोठे मासे बारक्यांना वर हाकलतात आणि हे वरच्यावर उचलतात, डोळ्यावरच्या ग्रंथीतून जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, त्यामुळं खाऱ्या पाण्यावर भागतं. रंकाळ्यात काय करणार तो, घारीला आयतं जेवण.

पाऊस उघडेपर्यंत ठेवला, वजन चढलं, मग वनरक्षक आजरा-आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला घेऊन गेले. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडी मिळायचा प्रश्नच नव्हता, किनाऱ्यावरच्या खडकावरूनच सोडला. व्हिडिओ आला तो सगळा हललेला, पक्षी जेमतेम दिसतो, बाकी वारं आणि "गेला गेला गेला" म्हणून आरडाओरडा. मामांनी तो स्टेटसला ठेवलाय, खाली लिहिलंय, आमचा पाव्हणा कोकणात पोचला.