कॉग्निटिव्ह सायन्स शिकायचं, तर एक प्रश्न धरून

ठाणे, ऐरोली, वाशीकडची बरीच मुलं बारावीनंतर 'कॉग्निटिव्ह सायन्स' याच नावाची पदवी शोधतात. मन कसं काम करतं याचा अनेक बाजूंनी अभ्यास करणारा हा विषय आपल्याकडे मुख्यतः पदवीनंतर शिकवला जातो. आयआयटी गांधीनगर, आयआयटी दिल्ली, हैदराबाद विद्यापीठ, अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व बोधन विज्ञानाचं केंद्र, ही त्यातली काही ठिकाणं. म्हणजे पदवीची तीन-चार वर्षं हा विषय आपला आपणच जुळवत न्यायचा. माझं ठाम मत असं, की तो विषयांची यादी करून जुळत नाही. एक प्रश्न हाताशी असला, तर जुळतो.

यादी मोहात पाडते, कारण ती तयारच आहे. ११ सप्टेंबर १९५६ला एमआयटीतल्या एका परिसंवादात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि संगणकाला विचार करायला लावू पाहणारे न्यूएल-सायमन एकाच दिवशी बोलले. या विषयाची सुरुवात सहसा तिथून मोजतात. १९७८च्या स्लोन फाउंडेशनच्या अहवालात त्याचे सहा कोपरे आले: मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र, मेंदूविज्ञान, मानवशास्त्र. मग मुलं सहाही कोपऱ्यांचा एकेक ओळख-अभ्यासक्रम करतात आणि पदवी संपताना एकाही कोपऱ्यातलं काम त्यांना करता येत नाही.

आता प्रश्न धरून चालणं म्हणजे काय ते पाहू. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून निघालं की पहिलं स्टेशन दिघा गाव. पाटीवर डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग द. तोंडातून मात्र आधी द निघतो. या उलटापालटीची वाचणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते का?

मानसशास्त्र इथे वेळ मोजतं. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर हाच प्रश्न तपासला. पहिल्या वेलांटीचे शब्द मोठ्याने वाचायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना आढळलं. भाषाशास्त्र विचारतं, की वाचताना मन अक्षर हे एकक धरतं की सुटा वर्ण. सबंध 'दि' हेच एकक असेल, तर उलटापालट जाणवायलाच नको. संगणकाचा माणूस सांगेल, की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या सामायिक पद्धतीत, द आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर; पडद्यावर ती डावीकडे नेण्याचं काम अक्षरं मांडणारी प्रणाली करते. मेंदूविज्ञानात तर साधन निवडतानाच प्रश्नाचा कस लागतो. ईईजी (डोक्यावरून मेंदूतली विद्युत हालचाल टिपणारं यंत्र) मिलिसेकंदांत वेळ दाखवतो, पण जागा धूसर. एफएमआरआय मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा बदल टिपून जागा चांगली दाखवतो, पण तो बदल शिगेला पोहोचायलाच पाच-सहा सेकंद लागतात. अर्ध्या-पाऊण सेकंदात वाचून होणाऱ्या शब्दातला क्रम त्यातून कसा दिसणार? लिपी शिकवण्याची पद्धत, बाराखडी, हा मानवशास्त्राचा भाग. तोही यात येतोच.

हा प्रयोग पदवीच्या दुसऱ्या वर्षात, एका लॅपटॉपवर करता येतो. पडद्यावर शब्द दाखवायचा आणि तो खरा मराठी शब्द आहे की बनावट, हे बटण दाबून सांगायला लावायचं.

सगळ्यात जास्त वेळ शब्द निवडण्यात द्या. पहिला विचार असा येतो, की पहिल्या वेलांटीचे शब्द दुसऱ्या वेलांटीच्या शब्दांशी ताडून पाहावेत. इथेच घात होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर मराठी शुद्धलेखनात शेवटचं अक्षर अकारान्त असलं की उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार दीर्घ लिहितात (मीठ, वीट, खीर) आणि शेवटचं अक्षर दीर्घ असलं की ऱ्हस्व (मिठी, दिवा, विडा). म्हणजे तुम्ही वेलांटी ताडताय असं वाटतं, पण प्रत्यक्षात एका उच्चारावयवाचे (सिलॅबलचे) शब्द दोन उच्चारावयवांच्या शब्दांशी ताडले जातात. त्याऐवजी पहिला उकार घ्या. त्याला तोच नियम लागू आहे आणि तो अक्षराच्या खाली बसतो, आधी येत नाही: चिरा–चुरा, मिठी–मुठी. किडा–कुडा ही जोडी दिसायला चोख, पण कुडा हल्ली फारसा वाचनात येत नाही; अनोळखी शब्द तसाही हळू वाचला जातो. म्हणून प्रयोगात नसलेल्या वीसेक जणांकडून प्रत्येक शब्दाला ओळखीचे १ ते ७ गुण आधी घेऊन ठेवा आणि दोन्ही गटांची सरासरी जुळवा. जोडाक्षरं टाळा.

अशा ४० जोड्या, म्हणजे ८० शब्द, आणि तितकेच बनावट शब्द. बनावट शब्दांनीही शुद्धलेखन पाळायला हवं. 'धिपा' चालेल, 'धिप' नाही. तो न वाचताच चुकीचा दिसतो. माणसं ४० घ्या. ब्रायसबार्ट आणि स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये अशा प्रयोगांसाठी दर गटाला निदान १,६०० नोंदी सुचवल्या. ४० माणसं गुणिले ४० शब्द म्हणजे नेमक्या तेवढ्या. आधी ५०० मिलिसेकंद अधिकचं चिन्ह, मग उत्तर येईपर्यंत पण जास्तीत जास्त अडीच सेकंद शब्द, मग एक सेकंद कोरा पडदा. सरावाच्या १२ फेऱ्या धरून काम दहा मिनिटांत आटोपतं. मध्ये एक विश्रांती द्याच.

असे प्रयोग चालवणाऱ्या सायकोपाय या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी कधीकधी मोडते, वेलांटी चुकीच्या जागी बसते, आणि या प्रयोगात तेच तर मोजायचं असतं. सगळे शब्द एकाच फॉन्टात, एकाच आकारात चित्र म्हणून साठवा, किंवा त्याच कामाचं, ब्राउझरमध्ये चालणारं जेएसपीसायक वापरा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो आणि कीबोर्डचा उशीर त्यात मिळतो. सगळ्यांना तोच लॅपटॉप, तोच कीबोर्ड दिला तर हा उशीर दोन्ही गटांत सारखाच पडतो. ब्लूटूथ कीबोर्ड आणि मोबाइल नकोच.

माणसं निवडताना शाळेचं माध्यम विचारा. ठाण्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेली, घरी मराठी बोलणारी मुलं पुष्कळ. त्यांचा मराठी वाचनाचा वेग फार वेगवेगळा असतो. पहिल्या प्रयोगात एकाच माध्यमाची मुलं ठेवा. अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर बहुतेक १८ वर्षांखालची असतात, तेव्हा पालकांची लेखी संमती लागते. महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी सगळ्याच्या आधी.

विश्लेषणात फक्त बरोबर उत्तरांचा वेळ धरायचा, २०० मिलिसेकंदांहून झटपट आलेली उत्तरं वगळायची (तो अंदाजपंचे दाबलेला हात असतो) आणि बाकीच्या वेळेचा लॉग घ्यायचा. मग 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या एलएमई४ या साधनाने माणूस आणि शब्द दोघांचीही यादृच्छिकता (माणसागणिक, शब्दागणिक पडणारा फरक) धरणारं प्रतिमान. शब्दांची का धरायची, हे हर्बर्ट क्लार्कने १९७३ मध्ये दाखवून दिलं: आपल्याला या ४० शब्दांबद्दल नाही, अशा सगळ्या शब्दांबद्दल बोलायचं असतं.

आता मेजर-मायनर निवडणं सोपं होतं. एक विषय खोल घ्यायचा, मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा संगणकशास्त्र, कोणताही चालेल. संख्याशास्त्र मात्र निदान दोन सत्रं, आणि पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा नीट. मानसशास्त्राची मुलं प्रोग्रामिंगपाशी अडतात, अभियांत्रिकीची प्रयोगाच्या आखणीपाशी. उरलेल्या फटी एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या) ऑनलाइन अभ्यासक्रमांनी भरता येतात. तिथे स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं, त्यामुळे नुसते व्हिडिओ पाहून भागत नाही. मुलं विज्ञान-गणित कशी शिकतात यात रस असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जवळ आहे. वाशीहून हार्बरने खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन.

एमएस्सीसाठी कॉगजेट ही सामायिक परीक्षा काही संस्था धरतात, काही स्वतःची घेतात. दरवर्षी प्रत्येक संस्थेचं संकेतस्थळच पाहावं. अर्जासोबत या प्रयोगाचा चार पानी अहवाल जोडा, किती नोंदी का वगळल्या यासकट. फरक सापडला नाही तरी जोडा, पण नुसतं 'फरक नाही' लिहू नका, कॉन्फिडन्स इंटर्व्हल द्या, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा. तो उणे ८ ते अधिक ८ मिलिसेकंद असेल तर वेलांटीची किंमत जवळजवळ नाहीच म्हणता येतं. उणे ८० ते अधिक ८० असेल तर आणखी माणसं घ्यायला हवीत.