रुवीच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता

दापोलीजवळच्या आमच्या गावातली एक सून पुढच्या महिन्यात नवऱ्याकडे मस्कतला निघाली आहे. परवा ओटीवर बसल्या बसल्या तिने विचारले, "काकी, तिकडे बाईमाणसाला एकटीने भीती नाही ना वाटत?" मी तिथे नऊ वर्षे काढली, तरी हो-नाहीत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रस्त्याची भीती वाटत नाही, हे आधी सांगते. उन्हाळ्यात मस्कतमधल्या रुवी या भागाचा बाजार सूर्य मावळल्यावरच खरा जागा होतो, त्यामुळे रात्री अकरा वाजता मुलाच्या तापाचे औषध आणायला मी एकटी खाली उतरत असे, तेव्हाही रस्त्यावर मल्याळी, गुजराती, ओमानी कुटुंबांची वर्दळ असे. पहिल्या आठवड्यात मी पर्स छातीशी घट्ट धरून चालत होते. ती पकड कधी सैल झाली, ते मला आठवतही नाही.

जपायचे ते पाण्याला, हे ऐकून तिला नवल वाटले. तिथल्या कोरड्या नदीपात्राला वादी म्हणतात. आपल्याकडे पाऊस डोळ्यांसमोर कोसळतो आणि मग पऱ्या, म्हणजे ओढा, भरतो. तिथे मात्र पाऊस दूर डोंगरात पडतो आणि आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वादीतून लोंढा येऊ शकतो. वाहत्या वादीत गाडी घालणे हा तिथे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आले, तेव्हा रोजच्या ओळखीचे रस्ते नद्यांसारखे वाहताना मी पाहिले. त्यानंतर नळाला पाणी नव्हते, ते वेगळेच.

पण मला सर्वांत असुरक्षित वाटले ते घरात बसून. माझ्या यजमानांचा पासपोर्ट त्यांच्या कंपनीने तिजोरीत ठेवला होता. सासरे अत्यवस्थ असल्याचा गावाहून फोन आला आणि तो पासपोर्ट हातात पडायला तीन दिवस लागले. आम्ही पोहोचलो तेव्हा सासरे बोलत नव्हते. परक्या देशात आपले राहणे कफीलाच्या, म्हणजे आपल्याला तिथे ठेवून घेणाऱ्या प्रायोजक मालकाच्या सहीवर आणि खिशातल्या बतक्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी ओळखपत्रावर अवलंबून असते, याचा अर्थ मला त्या तीन दिवसांत कळला. आमच्या वेळी नोकरी बदलायलाही जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागे. कराराची मुदत संपल्यावर ते लागू नये, असा बदल १ जानेवारी २०२१ पासून झाला आणि त्याने कितीतरी घरांना मोकळा श्वास मिळाला असेल.

म्हणून मी तिला सांगितले की पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ९९९९ हा क्रमांक पाठ कर, पासपोर्ट आणि बतका यांच्या प्रती माहेरीही ठेव, अडचण आली तर भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, हे लक्षात असू दे. नवऱ्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते असा शिक्का असेल, तर त्याचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा चालू आहे की मुदत संपली, तेही विचारून घे.

नवऱ्याचा करारनामा तिने अजून पाहिलेलाच नाही. आज संध्याकाळी तो फोनवर मागवून घेऊन ती आमच्याकडे येणार आहे आणि आम्ही दोघी तो ओळीने वाचणार आहोत.